विमानाचं काळं नाक

खुर्शीद पेंटरला डिवचू नये, हे उंद्रीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच लोक त्याला डिवचत. तापला की तो हमखास काहीतरी बोलून बसायचा आणि बोललेलं निभवायचा. एकदा कुणी म्हणालं, तुझा हिरवा रंग उन्हात उडतो. झालं. गड्यानं स्वतःच्या दाराची एक फळी काढली, हिरवी रंगवली आणि वर्षभर चावडीसमोर उन्हात उभी करून ठेवली. रंग उडाला नाही. फळी मात्र वाळवीनं खाल्ली, आणि तोवर दाराच्या भगदाडाला पोतं लावून संसार करायची पाळी त्याच्या बायकोवर, सलीमावर, आली.

तसा हात सोन्याचा. पोळ्याला बैलांची शिंगं, मोहरमला ताबूत, मारुतीच्या देवळाची दारं, पिठाच्या गिरणीची पाटी, गावात रंग म्हणून जे काही होतं ते खुर्शीदचं. आणि त्याची एक रीत होती: डोळ्याला दिसेल ते काढायचं, मनचं काही घालायचं नाही. सोसायटीच्या चेअरमननं आपली तसबीर काढायला लावली, तेव्हा गालावरचा मस त्यानं जसाच्या तसा काढून दिला होता. चेअरमननं ती तसबीर आजतागायत भिंतीला लावलेली नाही.

ही गोष्ट चौसष्ट सालच्या उन्हाळ्यातली. गावचे उत्तमराव पाटील, त्यांचा मुलगा माणिक चार वर्षांपूर्वी यंत्रांचं शिकायला जर्मनीला गेला होता, तो वैशाखात परत यायचा होता. जाताना त्यानं मुंबईहून आईला एक चित्राचं कार्ड पाठवलं होतं. ज्या विमानात बसून तो जाणार होता, त्याच विमानाचं चित्र. रुखमाबाई पाटलीणबाईंनी ते कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं होतं. चार वर्षं त्याला रोज उदबत्ती ओवाळली जात होती. विमानाचं तोंड जर्मनीकडे आहे की उंद्रीकडे, हे त्यांना कुणी सांगू शकलं नव्हतं, पण पोराला घेऊन गेलेलं तेच आणि घेऊन येणारंही तेच, एवढी त्यांची खात्री होती.

पोरगा यायचं ठरलं तशी त्यांच्या मनात आलं, की हे विमान एकदा धडपणे पाहायचं. बोटाएवढं चित्र नव्हे, हात फिरवता येईल असं. पोरगा कुठून आत शिरला, कुठं बसला, हे त्यानं बोट लावून दाखवलं पाहिजे. पाटलांनी कडूबा सुताराला जुन्या सागवानी तुळईचा तुकडा दिला, आणि कडूबानं महिनाभर खपून तीन हात लांबीचं विमान कोरलं, पंखांखाली चार इंजिनांसकट. लाकूड त्यानं असं घासलं होतं, की जो येई तो वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यावरून हात फिरवून जाई.

प्रश्न आला रंगाचा. पाटलांच्या मनात वामनराव मास्तर होते. वामनराव मूळचे उंद्रीचेच, चिखलीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, नागपूरची परीक्षा पास झालेले. पण रुखमाबाई म्हणाल्या, रंगवील तर खुर्शीद. ताबुतावरची त्याची एकेक कमान त्यांनी दरसाल जवळून पाहिली होती. पाटलीणबाईंनी एकदा म्हटलं की पाटलांचं म्हणणं उरत नसे.

वामनरावांना हे लागलं. बाजाराच्या दिवशी कचरूच्या हॉटेलात चार माणसं बघून ते मोठ्यानं बोलले, की शिंगं रंगवणाऱ्यानं शिंगं रंगवावीत. विमान म्हणजे बैल नव्हे. त्याच्यावरची रेघ न् रेघ कायद्यानं ठरलेली असते, आणि ज्याला ते कळतं असा माणूसच आता गावात येतोय. पहिल्याच नजरेत माणिक हसेल, आणि हसू होईल ते सगळ्या उंद्रीचं.

खुर्शीद पलीकडच्याच बाकावर होता. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"एक निशाण चुकलं, एक रेघ इकडची तिकडं झाली, त माणिकभाऊच्या समोर सारे ब्रश मोडतो," तो म्हणाला. "पुन्हा हातात धरणार नाही."

 वामनरावही काही माघार घेणाऱ्यातले नव्हते. ते म्हणाले, तसं झालं नाही, सगळं बरोबर निघालं, तर तुझा रंगाचा डबा मी डोक्यावर घेऊन पाटलांच्या वाड्यापासून तुझ्या घरापर्यंत पोचवीन. कचरू हॉटेलवाला साक्षीदार झाला, आणि संध्याकाळच्या आत ही गोष्ट अमडापूरपर्यंत गेली.

सलीमाला ती भाजी घेतानाच कळली. घरी येऊन तिनं पिशवी ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "दाराची फळी गेली थ्या वक्ती पोतं लावलं. आता पोटाले काय लावू?"

  ब्रश सोडून खुर्शीदला दुसरं काही येत नव्हतं. ना शेत, ना दुकान. बापानं त्याला सातव्या वर्षी ब्रश दिला होता, तो त्यानं अजून खाली ठेवला नव्हता.

तो कामाला लागला. रुखमाबाईंच्या कार्डावर पेन्सिलीच्या रेघा मारायची त्याची छाती नव्हती, म्हणून त्यानं एक लाकडी चौकट करून तिच्यावर उभेआडवे दोरे ताणले आणि ती कार्डावर ठेवली. तसेच मोठे चौकोन खडूनं विमानावर पाडले. चिखलीच्या घड्याळजीचं भिंग मागून आणलं. मोजायला खराट्याची काडी. फटी लांबीच्या लगद्यानं भरून, पॉलिशपेपर मारून पांढऱ्याचे तीन हात दिले. नाकापासून निघून खिडक्यांच्या अंगानं शेपटीकडे निमुळती होत गेलेली लाल पट्टी काढायला त्याला चार दिवस लागले.

इंग्रजी अक्षरांची त्याला भीती नव्हती, कारण त्याला इंग्रजी येतच नव्हतं. ज्याला वाचता येतं तो वाचलेलं काढतो. खुर्शीद दिसलेलं काढत होता. कंपनीचं नाव, शेपटीजवळची बारीक पाच अक्षरं, त्यांच्यातली ती आडवी रेघ, सगळं त्यानं वेलबुट्टी उतरवावी तसं उतरवलं.

कार्डावर विमानाची एकच बाजू होती. दुसरीचं काय? वामनरावांचा एक विद्यार्थी सांगून गेला, की आरशात दिसतं तसं उलटं काढायचं असतं.  खुर्शीद चिखलीच्या एसटी स्टँडवर गेला आणि दिवसभर बसगाड्यांच्या भोवती फिरला. एका कंडक्टरनं त्याला हटकलंसुद्धा. संध्याकाळी परत येताना त्याचं कोडं सुटलं होतं. पट्टी आरशासारखी उलटते, अक्षरं उलटत नाहीत. एका अंगाला नाव तोंडाकडून सुरू होतं, दुसऱ्या अंगाला शेपटीकडून. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी बारा मैलांची पायपीट केली म्हणून सलीमा चिडली, पण त्याला ते आवडलं होतं.

मग खिडक्या. भिंगातून मोजताना त्याला दिसलं, की पंखाच्या वर एका जागी एक खिडकी कमी आहे. सगळ्या सारख्या अंतरावर, आणि तिथं मात्र दात पडल्यासारखी मोकळी जागा. वामनराव एकदा सहज आल्याचं दाखवून डोकावून गेले, तेव्हा त्यांच्याही ते ध्यानात आलं. छापताना सुटली असेल, त्यांनी शिकवलं, भरून टाक, ओळ विद्रूप दिसते. खुर्शीदनं भरली नाही. दिसत नाही ते कसं काढायचं?

माणिक यायला आठ दिवस उरले तेव्हा फक्त नाक राहिलं होतं. कार्डावर विमानाचं नाक काळं होतं. विमान पाटलांच्या ओसरीवर चौरंगावर ठेवलेलं, खुर्शीदनं काळ्याचा डबा उघडलेला, पाटील बाजेवर बसलेले आणि वामनरावही कशानिमित्त तरी हजर होते. आतून रुखमाबाई आल्या, काळा रंग पाहिला आणि त्यांनी तोंडावर पदर धरला.

"अवं माय, थे काळं त मीच लावलं."

त्यांनी सांगितलं ते असं. पोरगा आभाळातून गेलेला. येणाऱ्याजाणाऱ्याची, चिमण्याकावळ्यांची, कुणाकुणाची नजर पडली असेल. म्हणून दर अवसेला त्या कार्डावरच्या विमानाच्या नाकाला तुपात खललेल्या काजळाची तीट लावत आल्या होत्या. चार वर्षं, एकही अवस चुकवली नाही. खाली मूळचा रंग कोणता होता, हे आता त्यांनाही आठवत नव्हतं. लहान मुलाच्या गालाला लावतात, नव्या घराच्या चौकटीला लावतात, तशी विमानाला लावली, त्यात नवल ते काय?

वामनराव इतके हसले की त्यांना खांबाला टेकावं लागलं. काजळ रंगवायला निघाला होता पेंटर! पाटीलही मिशीत हसले आणि म्हणाले, बरं झालं वेळेवर कळलं. पोरगा घरी यायच्या दिवशी काळ्या तोंडाचं विमान दारात नकोच. नाक पांढरं करून टाक.

 आपण दिसेल ते काढतो या गर्वावर खुर्शीदनं शपथ घेतली होती, आणि दिसतं ते तर बाईंच्या बोटाचं होतं. आता इतर काय काय काजळ असेल? माणिकला विचारावं, तर तो तिकडून निघालेला. पत्र कुठल्या पत्त्यावर घालायचं?

पण डोळे मिटून पांढरा मारणंही त्याला जमेना. त्यानं रुखमाबाईंची परवानगी घेतली, कापसाच्या बोळ्याला थेंबभर गोडं तेल लावलं आणि कार्डावरचं नाक हलक्या हातानं टिपलं. बोळा काळा झाला. दुसरा, तिसराही झाला. चौथा पांढराच निघाला. नाक मात्र काळंच राहिलं होतं, जरा फिकट.

वामनराव म्हणाले, चार वर्षांचं काजळ आहे, कागदात मुरलं. आणि ते अगदी चूक बोलत होते असंही नाही. खुर्शीदला ते पटायला लागलं, हेच वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो कार्ड आणि भिंग घेऊन उन्हात बसला. जेवायला उठला नाही. दुपार कलताना त्याला एक गोष्ट दिसली. काजळातलं तूप कागदात पसरलं होतं. नाकाभोवती पिवळट डाग होता, वेडावाकडा, बाईंचं बोट जसं पडलं तसा. एका अवसेला तर बोट साफ चुकून आभाळालाच तीट लागली होती. पण काळा रंग तसा पसरला नव्हता. तो एका रेघेपाशी थांबला होता. किंचित तिरपी, वरपासून पोटापर्यंत एकसारखी रेघ. तुपाचा डाग त्या रेघेच्या अलीकडेही होता आणि पलीकडेही. काळा फक्त पुढच्या अंगाला. मुरलेलं काजळ असतं तर ते डागाबरोबर पसरलं असतं. आंधळ्या मायेनं लावलेलं बोट इतकं सरळ थांबत नाही. ती रेघ कुण्या पेंटरची होती, आपल्यासारख्याच कुणाची तरी.

खुर्शीद उठला, वाड्यावर गेला आणि नाक काळं केलं. रेघ सूत धरून, तेवढीच तिरपी.

पाटलांचा आवाज चढला. आपण पांढरं सांगितलं होतं ना? खुर्शीद मान खाली घालून पण ठामपणे म्हणाला, "पाटील, पांढरं पाहिजे असंल त मास्तर लावून देतीन. माह्या हातानं नाही होत." त्यावर रुखमाबाई म्हणाल्या, विमान माझं आहे, त्याला जसं दिसलं तसं राहू द्या. विषय तिथं मिटला, पण पाटील आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

माणिक यायचा त्या सकाळी खुर्शीदनं आपले अकरा ब्रश धुतले, पुसले आणि दोरीनं एकत्र बांधले. सलीमा पाहत होती. तिनं एकच विचारलं, रेघ नक्की दिसली ना? तो म्हणाला, डोळ्यानं पाहिली. "डोळाच चुकला असंल त?" ती म्हणाली. तो जुडी आणि रंगाचा डबा घेऊन निघाला. दारात पोचल्यावर मागं वळून त्यानं दाराला बसवलेल्या नव्या फळीकडे पाहिलं, आणि आपल्याला जीभ कशाला दिली असेल असं त्याला मनापासून वाटलं.

मलकापूर स्टेशनावरून जीप आली तेव्हा वाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. वाजंत्री वाजली, ओवाळणं झालं, माणिकनं सगळ्यांच्या पाया पडून घेतलं. चार वर्षांत तो गोरा झाला होता, पण बोलू लागला तसा उंद्रीचाच निघाला. मग रुखमाबाईंनी त्याला हाताला धरून चौरंगापाशी नेलं आणि चादर काढली.

 माणिक एका बाजूनं गेला, वाकला, दुसऱ्या बाजूला आला. शेपटीजवळची पाच अक्षरं त्यानं ओठातल्या ओठात वाचली. म्हणाला, हा तर त्या विमानाचा नंबर आहे, मोटारीला असतो तसा. हाही बरोबर? दुसऱ्या अंगाचं नाव पाहिलं, ते कुठून सुरू होतं ते पाहिलं, मान हलवली. वामनराव पुढे सरकले. खुर्शीद खांबाआड उभा होता, बगलेत ब्रशांची जुडी.

माणिकचं बोट खिडक्यांवरून सरकत पंखापाशी आलं आणि त्या मोकळ्या जागेवर थांबलं. वामनरावांनी घसा खाकरला. तेवढ्यात माणिक हसू लागला. असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं.

"माय, मी इथंच बसलो होतो," तो म्हणाला. "साऱ्या विमानात खिडकी नाही अशी एक जागा, थे माहीच निघाली."

रुखमाबाईंनी विचारलं, मग पत्रात खालचा समुद्र दिसला म्हणून लिहिलं होतंस ते? माणिक कान खाजवत म्हणाला, पुढच्याच्या खांद्यावरून मान लांबवून पाहिला होता. सगळा वाडा हसला. खुर्शीदला हसू आलं नाही. नाक राहिलं होतं.

माणिक पुढे आला. काळ्या रेघेवरून त्यानं अंगठा फिरवला, वरून पोटापर्यंत. मग खिशातून चष्मा काढून पुन्हा पाहिलं. पाटलांनी खुर्शीदकडे असं पाहिलं, की तो आपण होऊन खांबाआडून बाहेर आला. जुडी त्यानं दोन्ही हातांत धरली.

माणिकनं विचारलं, हे कोणी केलं? मग खुर्शीदकडे वळून म्हणाला, "खुर्शीदभाऊ, ही रेघ तुम्हाले कशी गावली? तिकडचे शिकलेले पोट्टे विमान काढतात त हीच चुकवतात."

मग त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. विमानाचं बाकी अंग पत्र्याचं, पण नाक पत्र्याचं नसतं. ते वेगळं घडवून त्या रेघेवर बसवतात. आत एक यंत्र असतं, पुढं वादळाचे ढग आहेत का ते पाहणारं. पत्र्यातून त्याला दिसत नाही. म्हणून नाक वेगळं आणि या विमानांना त्याचा रंगही वेगळा, काळा.

रुखमाबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. यंत्राचं त्यांना किती कळलं कोण जाणे. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "म्हंजे कंपनीतबी कोनाची तरी माय असंल. तिनंबी लावलं म्हन."

माणिकनं आईकडे पाहिलं आणि तो म्हणाला, हाव माय, तसंच.

खुर्शीदच्या हातातली जुडी सुटून खाली पडली. कडूबा सुतारानं ती उचलली, दोरी सोडली आणि अकराही ब्रश मोजून त्याच्या हातात दिले. ते पुन्हा बांधता बांधता खुर्शीदनं तुपाचा डाग कुठवर पसरला होता आणि काळा कुठं थांबला होता, ते माणिकला सांगितलं.  

रुखमाबाई आत जाऊन काजळाची डबी घेऊन आल्या. विमानापाशी त्यांनी बोट नेलं, नाकाकडे पाहिलं आणि हात मागं घेतला. तिथं आधीच होतं. मग त्या खुर्शीदकडे वळल्या. त्याचा उजवा हात त्यांनी पुढं ओढला आणि मनगटावर काजळाचं बोट टेकवलं.

"आता नजर लागंल त यालेच लागंल," त्या म्हणाल्या.

वामनरावांना कुणी आठवण करून दिली नाही. तेच पुढे आले, टोपी काढून खिशात घातली आणि रंगाचा डबा उचलून डोक्यावर घेतला. खुर्शीद म्हणाला, राहू द्या मास्तर, झालं गेलं. पण मास्तरही उंद्रीचेच. बाजारात बोललेलं ते घरात कसं गिळणार? ते चालू लागले. वाजंत्रीवाल्यांना वाटलं मिरवणूक निघाली, ते त्यांच्या मागं वाजवत निघाले, आणि त्यांच्या मागं अर्धं गाव. कचरूच्या हॉटेलापुढं डब्याच्या कडेचा लाल ओघळ वामनरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरला. त्यांनी तो पुसला नाही. अर्ध्या वाटेत ते खुर्शीदला म्हणाले, शाळेत एक दिवस ये आणि पोरांना ती तुपाच्या डागाची गोष्ट सांग, मला ती त्यांना शिकवता येणार नाही. खुर्शीदनं लगेच हो म्हटलं, आणि या वेळी शपथ घेतली नाही.

सलीमा दारात उभी होती. डबा उतरलेला, ब्रश शाबूत आणि नवरा हसतोय, हे तिनं एका नजरेत पाहिलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. वामनरावांसाठीही ठेवलं.

संध्याकाळी खुर्शीदनं रोजच्यासारखे टर्पेंटाइननं हात धुतले. बोटं धुतली, तळवे धुतले, नखं घासली. उजवं मनगट तेवढं कोरडं ठेवलं.